बत्तीस जणांचे चौसष्ट फोन

४ जुलै

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

विद्यार्थ्यांअभावी माझा संस्कृतचा वर्ग बंद झाला हे कळून तू दोन पानं हळहळलास. आता आवर. मला नवा विषय मिळाला आहे: ‘माध्यम-साक्षरता व कार्यालयीन संवादकौशल्य’. या समासाचा विग्रह करेपर्यंत पहिला तास संपला. अर्थ मात्र सोपा निघाला. छापलेलं, ऐकलेलं, मोबाइलवर आलेलं खरं की खोटं ते पारखायचं, आणि कचेरीत चार माणसांशी धड बोलायचं-लिहायचं. पहिलं काम आमचे नैयायिक फार पूर्वीपासून करत आले आहेत. सांगणारा भरवशाचा आहे का, आणि त्याला हे कसं ठाऊक, एवढंच विचारायचं. दुसरं मला येत नाही असं तुझं मत आहे. ते वर्गात येऊन सांगू नकोस.

अभ्यासाला मजकूर हवा होता. टेबलावर आमच्याच संस्थेचं माहितीपत्रक पडलं होतं, तू लिहिलेलं आणि तुझ्याच छापखान्यात छापलेलं. म्हटलं, घ्या हेच. पहिल्या पानावर जाड अक्षरांत होतं: ‘गेल्या वर्षीच्या ब्याण्णव टक्के विद्यार्थ्यांना नोकरी.’ मी विचारलं, हे कशावरून? वर्गातल्या बत्तीस जणांनी पत्रक हातोहात फिरवून पाहिलं, आधार कुठेच छापलेला नव्हता. मग ठरलं, गेल्या वर्षीच्या चौसष्ट जणांना फोन करायचे, प्रत्येकी दोन. आधी आपलं नाव, मग कारण, मग वेळ आहे का विचारायचं. उत्तर लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं. दोन्ही विषय एकाच फोनवर उरकले.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे कुजबुज म्हणतात. हजेरीला ती ओठ हलवते आणि मी अंदाजाने खूण करते. तिच्या पहिल्या फोनवर पलीकडचा तीनदा ‘कोण?’ म्हणाला. चौथ्यांदा तिने नाव असं सांगितलं, की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले.

चौसष्टच्या चौसष्ट सापडले. नोकरी आहे एकोणीस जणांना.

पोरांनी प्राचार्यांना रीतसर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, सोबत चौसष्ट टिपणं. आवक-जावकच्या कारकुनाने शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांना माझी एका ओळीखाली सही हवी आहे: ‘सदर आकडे सरावासाठी काल्पनिक घेतले होते.’ केली तर विषय राहील आणि नोकरीही. नाही केली तर दोन्ही जातील. तीस तारखेला संस्थेच्या समितीची बैठक आहे. मी म्हटलं, विचार करते.

कळावे. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तरी हरकत नाही.

ताई

---

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचार करते म्हणालीस? तू असं म्हणालीस की लहानपणी मी पलंगाखाली जायचो. आता मावत नाही, म्हणून पत्र लिहितो.

प्राचार्यांचा मला फोन आला होता. आवाज गोड होता, त्यामुळे जास्तच घाबरलो. माहितीपत्रकाची दुसरी आवृत्ती मशीनवर चढवून ठेवली आहे. तुमच्या ताईंनी सही केली की छापा, म्हणाले. ताई, कर ना गं सही. एक ओळ तर आहे. माहितीपत्रक म्हणजे काही शपथपत्र नव्हे. लोक ते वाचतात कुठे, चाळतात. तिथं जागा कमी असते, एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. जागेच्या अडचणीत माणूस काय काय करतो, ते तुम्हा ग्रंथवाल्यांना कळायचं नाही.

तुझी भावजय म्हणते, ताईंना सांगा, या वयात नवी नोकरी शोधायची तर आधी संवादकौशल्य शिकावं लागेल.

पोरं वर्षभरात निघून जातील, आणि तुला तिथंच राहायचं आहे. राहा.

लोभ आहेच; या पत्राने तो उणा होऊ नये.

ठोंब्या

---

१६ जुलै

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद, पण जरा हात राखून. वि. वि.

भावजयीला सांग, मी मोठ्याने हसले. तुझ्या पत्रावर मात्र हसू आलं नाही. ते मी वर्गात शिकवते तसं वाचलं, पेन्सिल घेऊन. माझी नोकरी एकदा आली आहे, प्राचार्यांचा गोड आवाज एकदा, आणि जागेची अडचण दोनदा. जागेबद्दल मी तुला काही विचारलं होतं का? न विचारलेलं माणूस दोनदा सांगतो तेव्हा तिथंच खणून पाहावं, असं मी पोरांना सांगते. काय लपवतोस? प्राचार्यांनी तुला दिलेला मूळ मजकूर मला पाठव.

आता सहीचं. कुजबुजचा दुसरा फोन गेल्या वर्षीच्या एका मुलीला होता. तिला एका मुलाखतीला बोलावलं, चार तास बाकड्यावर बसवलं आणि उद्या या म्हणून परत पाठवलं. तो उद्या काही आला नाही. माहितीपत्रक तिनेही वाचलं होतं. तिला वाटत होतं, ब्याण्णव टक्क्यांना मिळाली आणि आपण तेवढ्या नालायक ठरलो. मैत्रिणींना भेटणं तिने सोडून दिलं होतं. सगळी मोजणी झाल्यावर कुजबुजने तिला पुन्हा फोन करून सांगितलं, तुझ्यासारखे पंचेचाळीस जण आहेत. मग ती म्हणाली, आकडा परत सांगतेस?

तो आकडा काल्पनिक होता असं मी लिहून द्यायचं? मग त्या पोरीला फोन कोण करणार, तू?

कळावे. लोभ आहे, म्हणून तर चिडले आहे.

ताई

---

२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मूळ कागद सोबत आहे. प्राचार्यांच्या अक्षरात आहे: ‘गेल्या वर्षीच्या ब्याण्णव टक्के विद्यार्थ्यांना मुलाखतीची संधी.’ चौकट अरुंद होती, तेवढे शब्द बसेनात. मी शेवटचे दोन काढून ‘नोकरी’ घातलं. अक्षर मोठं करता आलं याचाच मला आनंद झाला. प्रूफ घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती ओळ वाचली, हसले, छान बसलंय म्हणाले आणि सही केली. ते प्रूफही सोबत आहे. खोटं माझ्या हातचं आहे, ताई. त्यांना ते फक्त आवडलं.

हे कागद समितीपुढे ठेवलेस तर संस्थेचं काम माझ्या हातून जाईल. माझं मशीन निम्मं वर्ष त्याच कामावर चालतं. तीन दिवस मी दोन्ही कागद खणात ठेवत होतो आणि बाहेर काढत होतो. शेवटी भावजय तुझी म्हणाली, पाठवा नाहीतर फाडा, पण खणाची कडी मोडू नका.

ठेव समितीपुढे. दुसरी आवृत्ती मी मशीनवरून उतरवली आहे. प्राचार्यांना तसं कळवलं. आज आवाज गोड नव्हता.

लोभ असावा असं म्हणायचा हक्क राहिला असेल तर असावा.

ठोंब्या

---

६ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
ताईचे पूर्ण आशीर्वाद, काही राखून न ठेवता. वि. वि.

बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, फोनवर मुलांचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल. मी कुजबुजला बरोबर नेलं होतं. ती उठली आणि टिपणं वाचू लागली: कोणाला, किती वाजता, काय उत्तर. विसाव्या टिपणाला अध्यक्ष म्हणाले, पुरे. ती अगदी अदबीने म्हणाली, की अजून चव्वेचाळीस आहेत, सर. आणि वाचत राहिली. खिडकीबाहेर शिपाई उभा राहून ऐकत होता.

मग प्राचार्यांनी तुझ्यावर ढकललं. हे पत्रक बाईंच्या सख्ख्या भावाने लिहिलं आहे, म्हणाले. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. चूक माझ्या भावाची आहे आणि त्याने ती लेखी कबूल केली आहे, म्हटलं. प्रूफाखाली सही कोणाची, ते आपण वाचावं. वाचली. कोणी हसलं नाही.

तरी तो एका ओळीचा कागद माझ्यापुढे सरकवलाच. मी कोरा कागद मागितला आणि लिहिलं: ‘चौसष्टही फोनांची टिपणं मी स्वतः तपासली आहेत. ती खरी आहेत.’ खाली सही केली, एरवी करते त्याहून मोठी. अध्यक्ष म्हणाले, आम्हाला हवी होती ती ही सही नव्हे. मी म्हटलं, ठाऊक आहे.

शुक्रवारी सेवामुक्तीचं पत्र आलं. विषय लिहायचा राहिला होता आणि तारीख चुकली होती. दुरुस्त करून परत पाठवलं. शुद्ध प्रत आली की स्वीकारेन. संस्थेने नवं माहितीपत्रक दुसरीकडे छापून घेतलं. त्यात एकही आकडा नाही. एवढं तर झालं.

आता सांत्वनाचं पत्र लिहायला बसू नकोस, मला वेळ नाही. विषय त्यांनी काढून घेतला. विद्यार्थी काढून घ्यायचे राहून गेले. त्या पंचेचाळिसांतले अकरा जण सोमवारपासून माझ्या बाहेरच्या खोलीत येतात. खुर्च्या चार आहेत, बाकीचे खाटेवर आणि उंबऱ्यावर बसतात. मुलाखतीचं बोलावणं कसं वाचायचं, ताटकळत ठेवलं तर उठून काय विचारायचं, नेमणुकीच्या पत्रात काय शोधायचं, असं चाललं आहे. कुजबुज त्यांना फोनवर बोलायला शिकवते. मी म्हटलं, जरा हळू. ऐकत नाही.

शनिवारी दहाला ये. जाहिरातीत शब्द कसे बदलतात, ते त्यांना बदलणाऱ्याकडूनच ऐकायचं आहे. प्रश्न फार विचारतात. तयारी करून ये.

कळावे. लोभ आहे, उशीर चालणार नाही.

ताई