उणे दोन किलो

पांढुर्णा,
गुरुवार, दुपार (दुकानातून)

श्रीयुत रघुनाथराव व्याही यांच्या सेवेशी,

पांढुर्ण्याहून विनायकचा दोन्ही हात जोडून नमस्कार. विहीणबाई शकुबाईंनाही माझा आणि नलिनीचा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा, विहीणबाईंची साखर आणि गोठ्यातली काळी गाय, तिघांच्याही प्रकृतीला उतार असेल अशी आशा करतो. (गाईचं शिवानीकडून कळलं. तिने चारा सोडला म्हणजे तुम्हीही जेवत नाही, हेही कळलं.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आज सकाळी नलिनी दुकानात येईपर्यंत होतं.

जाम नदीचा पूल ओलांडला की तुमचं सावरगाव, आणि तरी हा माणूस पत्र का लिहितो, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. फोन करावा तर तुम्ही तो स्पीकरवर ठेवता. मागच्या वेळी मी माझ्या मूळव्याधीचं सांगत होतो तेव्हा मागून कोणीतरी "सुरण खा म्हणा" असं म्हणालं, आणि तो आवाज विहीणबाईंचा नव्हता. बरं, इकडे आमच्या घरात शिवानी असते. ती माझी सून खरी, पण आधी तुमची लेक, आणि या प्रकरणात तर डिंपलची सख्खी बहीण. स्वतः यावं तर व्याही सांगावा न धाडता दारात उभा राहिला म्हणजे सारी आळी समजते की पोरीच्या संसारात काहीतरी बिनसलं. तेव्हा हे पत्र आमच्या दादाराव मास्तरांच्या हाती धाडतो आहे. सोबत एक डबाही आहे. तो केवळ प्रेमाचा समजावा.

आता मुद्द्यावर येतो. परवा सौंसरच्या लॉनवर पिंजऱ्यातल्या लढतींचा जो कार्यक्रम आहे, त्यात माझी तेजस्विनी आणि तुमची डिंपल एकमेकींसमोर उभ्या राहण्याची वेळ आली आहे. खाली बसून वाचावं.

दोघी एकाच कोचच्या हाताखाली शिकल्या, एकीच्या स्कूटीवर दुसरी मागे बसून फिरल्या, पण गट वेगळे होते म्हणून आपण दोघंही निवांत होतो. या खेळात माणसं वजनावर वाटतात. आपल्या पोरींच्या कामाचे गट तीन: बावन्न किलोचा, त्यावर छप्पन्नचा आणि त्यावर एकसष्टचा. (पुढे दशांश चिन्हंही आहेत. ती आमच्या दुकानात बसणाऱ्या हेमंतला विचारावीत, तो तीन दिवस सांगेल.) तेजस्विनी बावन्नची, डिंपल छप्पन्नची. बावन्नमध्ये तेजस्विनीला नागपूरकडची एक पोरगी जोड म्हणून मिळाली होती, आणि डिंपलला जोड मिळत नव्हती, ती मिळूच नये म्हणून तुम्ही मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलला होता. हेही शिवानीकडूनच कळलं.

हे मला इतकं कसं समजतं म्हणाल, तर माझ्या दुकानात संत्र्याच्या ढिगाशेजारी वर्षभर हीच चर्चा चालू आहे. आमचे जाणकार दोन. एक दादाराव, निवृत्त पीटी मास्तर, ज्यांनी उभा जन्म कुस्त्यांच्या जोड्या लावल्या. दुसरा हेमंत, मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्याला परदेशातल्या लढवय्यांची वजनं स्वतःच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ आहेत. दादारावांना वजनगट हा प्रकारच मान्य नाही. "शंकरपटात बैल काय काट्यावर चढवून जुंपते का कोणी? डोळ्यानं पाह्यते माणूस!" असं ते म्हणतात. त्यावर हेमंत म्हणतो, "मास्तर, दोन किलोनं भारी माणूस छातीवर बसला न, तं सरकीचं पोतं बसल्यासारखं वाटते." मग दिवसभर वाद चालतो आणि गिऱ्हाईक स्वतःच संत्री निवडून घेतं.

त्यातही वजन उतरवण्याचा प्रकार निघाला म्हणजे दादाराव चष्मा काढून ठेवतात. आपल्याकडे कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे लोक आहेत (दोघे आपल्याच नात्यात आहेत, नावं घेत नाही). इथे उलटं. ही मंडळी काट्यावर चढण्याआधी अंगातलं पाणी काढतात आणि उतरल्यावर ते परत पितात. म्हणजे काट्यावर बावन्न आणि लढताना पंचावन्न. हे ऐकून मास्तर एवढंच म्हणाले, "मंग मोजता कायले?"

एक गोष्ट कबूल करतो. मागच्याच आठवड्यात या दोघांनी उगाच, वेळ जावा म्हणून, तेजस्विनी विरुद्ध डिंपल अशी कल्पनेतली जोड लावली होती. डिंपलचा हात लांब, उभ्याने ती भारी. तेजस्विनीची पकड घट्ट, एकदा खाली पाडलं की सोडत नाही. मीही त्यात उत्साहाने भर घातली. आमच्या नव्या खोलीच्या वास्तूला डिंपलने एका फटक्यात नारळ फोडला होता, आणि नारळासोबत खालची फरशीही, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. आज सकाळपासून मला ती फरशीच दिसते आहे.

झालं असं. कोचचा काटा बंद पडला (शंभर किलोचा एक पैलवान त्यावर उडी मारून चढला), म्हणून तेजस्विनी रोज सकाळी माझ्या दुकानातल्या काट्यावर उभी राहायची. तुमची डिंपल तिकडे सावरगावच्या पिठाच्या गिरणीत वजन करायची. तेजस्विनीचा आकडा बावन्न. आम्ही तिघं रोज तो आकडा पाहायचो आणि हेमंत त्याचा फोटो काढायचा. आज नलिनी माझा जेवणाचा डबा घेऊन आली. काटा रिकामा होता. ती म्हणाली, "अहो, यावर काहीच नाही, तं हे उणे दोन कायचं दाखवून राहिलं?"

मला हसू आलं. मी तिला समजावून सांगितलं की बाई, संत्रं येतं कॅरेटमध्ये, कॅरेट असतं दोन किलोचं, ते दर वेळी कोण वजा करत बसेल, म्हणून आम्ही काट्यातूनच आधी काढून ठेवलेलं आहे. रामाकोन्यापासून लोधीखेड्यापर्यंतचा एकूण एक बागाईतदार हे जाणतो. हेमंतनेही मान हलवली. नलिनी म्हणाली, "मंग तेजू काय कॅरेटमध्ये उभी राह्यते?"

रघुनाथराव, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. दादारावांनी बशी खाली ठेवली. हेमंत फोनमधले फोटो चाळू लागला, जणू त्यात एखाद्या दिवशी तरी कॅरेट निघेल. शेवटी तेजस्विनीला बोलावून घेतलं आणि खात्री म्हणून खरंच कॅरेटमध्ये उभं केलं. (बस स्टॉपवरची माणसं जमली. एकाने भाव विचारला.) चोपन्न भरली. लगेच मी तिला रेनकोट घालून उन्हात पळवायला निघालो होतो, पण कोचने मला झापलं. वाढत्या वयाच्या पोरीला एका दिवसात वाळवायचं नाही, चोपन्न तर चोपन्न, ती छप्पन्नच्या गटात खेळेल, असं म्हणून त्याने आयोजकाला फोन लावला. छप्पन्नमध्ये जोडीवाचून रिकामं कोण होतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. आयोजक तर हरखूनच गेला. "एक पांढुर्ण्याची, एक सावरगावची! लई मस्त जोड जमली. मी पोस्टर बदलवून राहिलो." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी तेव्हापासून पंख्याखाली बसलो आहे, आणि थंडीचे दिवस आहेत.

तुम्हाला भीती वाटत नसेल तर तुम्ही थोर आहात. मला वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली दोन गावं नदीच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांवर दगड फेकतात, तेवढं वर्षाला पुरे आहे. या पोस्टरनंतर लॉनवर कोणत्या बाजूला कोण बसेल आणि काय ओरडेल, हे तुम्हीही जाणता. शिवानीने कोणासाठी ओरडायचं? वैभवला विचारलं, तर तुमचे जावई म्हणाले, "मी पार्किंगमध्ये उभा राह्यतो." आणि जागा तरी कोणती! तेच लॉन, जिथे आपण वैभव-शिवानीचं लग्न लावलं. जिथे अंतरपाट धरला होता, नेमका तिथे पिंजरा येणार आहे. फाटकाशी आपली व्याहीभेट झाली तेव्हा तुम्ही मला मिठीत घेऊन चक्क उचललं होतं. तुम्ही नव्वद किलोचे, मी साठचा, हेमंतच्या हिशेबाने पाच गटांचा फरक. अल्बममध्ये माझे जोडे हवेत आहेत. तो फोटो मी आज पुन्हा काढून पाहिला.

खरं सांगू? तेजस्विनी पडली तर मला डिंपलचा राग येईल. ती पोरगी मला काका म्हणते, आमच्या घरी आली की फ्रिज उघडण्याआधी विचारत नाही, आणि तरी येईल. आणि डिंपल पडली तर मला आनंद होईल. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते. त्यानंतर तुमच्या ओसरीवर बसून मी चहा कसा पिणार?

म्हणून मी काही मागत नाही. तुम्ही वडीलधारे आहात, काय उचित ते करालच. उद्या सकाळी दोघींचं वजन आहे, त्याआधी काय सुचतं ते पाहावं. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पदरात घ्यावा.

तुमचा, आज तरी तुमचाच,
विनायक

ता. क. : सोबतच्या डब्यात नलिनीच्या हातच्या पुरणपोळ्या आहेत आणि वाटीत तूप. वर तो प्रेमाचा म्हटलं आहे, ते खरंच, पण तो डिंपलनेच खायचा आहे. ती छप्पन्नच्या अगदी काठावर असते असं ऐकतो. आज पोटभर आणि उद्या सकाळी काट्याआधी पुन्हा पोटभर जेवली, तर ती आपोआप एकसष्टच्या गटात जाईल. तिथे तिला जोड नाही. पोरगी न लढता, न लागता घरी येईल, आणि पुरणपोळीला कोणी दोष देत नाही. कृपा करून तुम्ही खाऊ नका. तुम्ही कोणत्याही गटात नाही.

ता. क. दुसरा : हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं, किंवा काळी गाय खात असेल तर तिला घालावं.

ता. क. तिसरा (हा घरून लिहितो आहे, संध्याकाळ झाली) : वरचा बेत रद्द समजावा. पाकीट शोधायला घरात गेलो तेवढ्यात शिवानीने पत्र वाचलं. मला वाटलं रडेल. ती हसत हसत खालीच बसली. मग म्हणाली, "मामाजी, त्या दोघी तं दिवाळीपासूनच ठरवून बसल्या. त्यांले एकमेकीशीच खेळाचं होतं. तुम्ही दोघं खेळू देणार नाही म्हणून गुपचूप होत्या." उणे दोनचा आकडा तेजस्विनीला पहिल्या दिवसापासून दिसत होता. लहानपणी शाळेतून येऊन ती त्याच काट्याजवळ बसून अभ्यास करायची, तिला नाही दिसणार तर कोणाला? ऐन वेळी चोपन्न भरून छप्पन्नमध्ये जायचं, असा बेत होता. डिंपललाही माहीत होतं. शिवानीला माहीत होतं. नलिनीला कधीपासून माहीत होतं हे मी विचारलं, तर ती भाजी निवडायला निघून गेली. मी तेजस्विनीपाशी जाऊन म्हटलं, "अगं, तिचा एक फटका लागला तं?" ती म्हणाली, "बाबा, आम्ही रोजच मारून राहिलो एकमेकीले. तुम्ही पाह्यलं नाही इतकंच." हे बोलताना ती पुरणपोळी खात होती. चोपन्नवरून छप्पन्नपर्यंत आता जागा आहे म्हणे. तेव्हा डब्यात तुम्हाला फक्त संत्री मिळतील.

ता. क. शेवटचा : आता खरी विनंती. परवा लॉनवर ही आपली बाजू, ती तुमची बाजू, असं काही करू नका. पार्किंगच्या अंगाला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरायला मी वैभवला सांगितलं आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसा. माझ्याच्याने एकट्याने पाहवणार नाही, आणि शिवानी सांगते की पोस्टर पाहून तुम्हीही आज चारा, म्हणजे जेवण, सोडलं आहे. खेळ संपला, मग हात कोणाचाही वर होवो, की आपण तिथेच सगळ्यांदेखत पुन्हा एकदा व्याहीभेट करू. मागच्या वेळी तुम्ही उचललं तेव्हा मी रागावलो होतो. या वेळी बिनधास्त उचला. जोडे मी घट्ट बांधून येतो.