हातमोज्याची घंटा

जावईबापू,

‘सुखी राहा’ असं लिहायला हात धजत नाही.

तुमच्या लेकीला संधिवात आहे. सकाळी तिची बोटं कळीसारखी मिटलेली असतात. शाळेतल्या कविता चालीवर म्हणत मी ती शेकतो. एक कडवं संपतं तेव्हा कुठे एक बोट उघडतं. तुम्ही मात्र “शाळा बुडवायची नाटकं!” म्हणत ती ओढून सरळ करायचात. मग घरच सोडून गेलात.

आता डॉक्टरांनी तिला एक हातमोजा दिलाय. सांधे सुजून गरम झाले, की तो पालकांच्या फोनवर घंटा वाजवतो. मी गुपचूप तुमचाच नंबर घातला. तुमच्या नव्या संसारात रोज पहाटे झोपेचं खोबरं व्हावं, एवढाच हेतू.

काल पोरीने तो नंबर पाहिला. डोळे लकाकले तिचे.

“आजोबा, बाबांनीच सांगितलं ना घालायला? म्हणजे त्यांना पटलं, मला खरंच दुखतं!”

“हो गं बाई,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

माझ्या सुडाने तुम्हाला फुकटात चांगला बाप करून टाकलं. हे तुम्हाला कळू नये, म्हणून पत्र माझ्याच खिशात राहील. पण ती घंटा बंद केलीत, तर गाठ माझ्याशी आहे.

नाइलाजाने तुमचा,
सासरा