फवारणीचा निळा शर्ट

चोपडा, मंगळवार, दिवेलागण

आज रेडिओवर फवारणीच्या औषधांवर संशोधन करणाऱ्या मॅडमची मुलाखत घेतली. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, म्हणाल्या. मी माइकवर हो हो करत होते आणि डोळ्यांपुढे आमची बादली. यांचा केळीत फवारायचा निळा शर्ट, त्यातच बाळाची दुपटी.

मुलाखत संपल्यावर मॅडमना हळूच विचारलं, एकत्र धुतलं तर लहान बाळाला त्याचा त्रास होतो का? एका श्रोत्याचा प्रश्न आहे, असं का म्हणाले मी?

घरी सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "आमना बठ्ठा पोरेसना कपडा असाच धुवायनात. काय व्हयनं?" दोरीवर निळा शर्ट, त्याला चिकटून दुपटी.

आत्ताच मॅडमचा फोन येऊन गेला. "त्या श्रोत्याच्या बाळाला पुरळ वगैरे आहे का हो?"

"विचारून सांगते," म्हणाले. बाळ मांडीवरच होतं, मानेवरचं पुरळ खाजवत.