दुसरा भोवरा

प्रिय भोवऱ्या,

एकोणतीस वर्षांच्या बाप्याला कुणी अशी हाक मारतं का, असं म्हणशील. पण साडेतीन वर्षांत मी तुला एकही हाक मारलेली नाही, तेव्हा पहिली तरी माझ्या मनासारखी मारू दे. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. "त्याने मला शपथ घातलीय गं, ताई," असं ती तीनदा म्हणाली. मग माझ्या आवाजात तिने काय ऐकलं कोण जाणे, भराभर सांगून टाकला. "पण झालंय काय?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. तुलाही एकदम सांगायचं धाडस होत नाही. 

सोमवारपासून आमच्याकडे शवागारात एक तरुण माणूस आहे. शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला सापडला. कुठल्याशा गाडीने उडवलं, आणि गाडी थांबलीही नाही. खिशात कागद नाही, फोन नाही. बोटांचे ठसे कुठे जुळले नाहीत, आणि रक्त जुळवायचं तर आधी समोर कुणीतरी यायला हवं ना. म्हणून पोलिसांनी आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, चेहरा उभा करून द्या, फोटो सगळीकडे लावू, त्याची माणसं असतील ती धावत येतील. नाही आली, तर महिनाभराने त्याला नुसत्या आकड्याखाली पुरून टाकतील. फोटो आज चार वाजता आहे. आत्ता सव्वा वाजलाय, सगळी जेवायला वर गेली आहेत. चारच्या आत मला सांगायचं आहे की याचे केस बरोबर झालेत की नाहीत. केस चुकले तर सख्खी आईसुद्धा समोरून निघून जाते, हे मी या कामात पाहिलं आहे. आणि या माणसाचे बरोबर आहेत की चूक, हे मला कळत नाहीये. इतकी भीती मला तुझे बाबा गेले तेव्हाही वाटली नव्हती.

तू माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाहीस आणि मीही घरी कधी काढलं नाही. आज थोडं ऐक. आमच्या शाळेत शिवणाच्या सिस्टर रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. पुढून फूल कितीही देखणं असो, मागे दोऱ्यांचा गुंता दिसला की सगळं उसवायला लावायच्या. मी रडायचे, त्या जवळ बसून शांतपणे म्हणायच्या, रड, पण उसव. पुढे नाटकाच्या टोपांच्या कारखान्यात जाळीवर एकेक केस ओवायला बसले, ती त्याच बोटांच्या जोरावर. आणि तिथून इथे. इथे चेहरा घडवणारा वेगळा आहे, त्याला सगळे मेणवालाच म्हणतात. जिथे कातडी उरलेली नसते तिथे तो मेण बसवतो, आणि ते कोमट असतानाच मी सुईने त्यात दोन-दोन, तीन-तीन केस रोवत जाते. केस शक्यतो त्या माणसाचेच घ्यायचे, मानेवरचे, कारण तिथली उणीव उशीत लपते. पुरले नाहीत तर माझ्या खोक्यातले, रंग जुळवून. खालून सुरुवात करायची आणि वर सरकायचं, छपरावर कौलं चढवतात तसं, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची मुळं झाकते. लोकांना वाटतं रंग जमवणं अवघड. रंग काय, जमतो. अवघड असते ती दिशा. केस डोक्यातून ताठ उभा उगवत नाही, कुठेतरी कलून उगवतो, आणि तो कल चुकला की माणूस उसना टोप घातल्यासारखा दिसतो.

आणि हा कल सुरू होतो भोवऱ्यापासून. तुला दोन होते. तू जन्मलास तेव्हा तुला पुसता पुसता नर्स ओरडली, "दोन भोवरे! दोन बायका करणार हा!" आणि बाबा दारातून म्हणाले, "एकीने हो म्हटलं तरी पुष्कळ आहे." एक मागे, सगळ्यांना असतो तिथे, आणि दुसरा डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर. त्या दुसऱ्यामुळे तुझे पुढचे केस कधी बसलेच नाहीत. शाळेच्या फोटोच्या दिवशी मी पाणी लावलं, तेल लावलं, शेवटी साखरेचं पाणी चोपडलं. फोटोवाला "हसा" म्हणाला आणि झुपका टुणकन उभा. वर मधल्या सुट्टीत डोक्याला मुंग्या लागल्या म्हणून बोंबलत घरी आलास. दहा वर्षं रोज सकाळी तुझी हनुवटी डाव्या हातात धरून उजव्या हाताने मी तो कंगवा फिरवला आहे. तू वळवळायचास, मी ओरडायचे, रिक्षावाला खालून भोंगा वाजवायचा. त्या वेळी ती कटकट वाटायची. आता वाटतं, आयुष्यात मी दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं.

मग तो दुपारचा प्रसंग. तू जेवत होतास, झुपका उभा होता, मी सवयीने हात नेला. तू ताट सरकवून म्हणालास, "त्या हातांनी मला हात लावू नकोस. मेलेल्यांचा वास येतो." मी रोज कोपरापर्यंत हात धुऊन येते हे तुला ठाऊक होतं. पण मी तरी कुठे कमी होते? म्हटलं, "याच हातांनी वाढलेलं चालतं ना? नसेल चालत तर दार उघडंच आहे." तू खरंच गेलास. चूक तुझी आहे तेव्हा फोन तूच करशील, असं म्हणत मी आठ दिवस हुशारीत काढले. नवव्या दिवशी केला, तर नंबर बंद. तेव्हापासून तुझ्याबद्दल जे काही कळतं ते मावशीला येणाऱ्या दोन-दोन ओळींच्या पत्रांतून, तेही तिला पाझर फुटला तर. तू हल्ली केस कसे ठेवतोस, हेसुद्धा मला माहीत नाही.

आता या माणसाचं सांगते. चेहऱ्यावरून काही विचारू नकोस. नाक, कपाळ, एक गाल, सगळं मेणवाल्याने हाडांच्या अंदाजाने उभं केलेलं आहे. वय तिशीच्या आसपास, उंची तुझ्याएवढी, पण असे हजारो असतात. डोक्याचा मागचा भाग शाबूत आहे आणि तिथे एक भोवरा आहे, सगळ्यांना असतो तिथे. कपाळापासून टाळूपर्यंत मात्र काहीच उरलं नव्हतं. तिथे आणखी एक होता की नव्हता, हे त्याच्या घरच्यांशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी आमचा नियम साधा आहे: जे ठाऊक नाही ते साधं करायचं. केस मागून पुढे आणायचे, किंचित उजवीकडे वळवायचे, बहुतेकांचे असतात तसे. आपल्या मनचं केसभरही घालायचं नाही. नवीन मुली शिकायला येतात त्यांना मी हे पहिल्याच दिवशी बजावते.

मंगळवार आणि बुधवार मी रोवत होते. हे काम करताना बोटं आपापली चालतात आणि मन भाजी, दूध, गॅसचा नंबर असं कुठेही भटकून येतं. काल पाच वाजता शेवटची ओळ संपली. दिवा वर ओढला, दोन पावलं मागे सरले आणि पाहिलं. डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर, केस गोल फिरले होते. मी तिथे भोवरा केला होता. त्याचा झुपका उभा होता.

मी तो कधी केला, मला आठवत नाही. आधी वाटलं, सवय. दहा वर्षांचा कंगवा बोटांत बसलाय, दुसरं काय. चिमटा घेतला, काढायला वाकले, आणि तेव्हा आठवलं की मेणाच्या कडेला, जिथे त्याची स्वतःची कातडी संपते, तिथे चार-सहा केस उरले होते. ते कुठे कलले होते? पुढे वळणारे होते का? बोटांनी ते पाहिले आणि मला न सांगताच ती त्यांच्यामागे गेली का? मला आठवत नाही. ती कड आता मेणाखाली गेली आहे. माझ्या बोटांना भास झाला की त्यांना खरंच काही दिसलं, हे त्या केसांकडे बघून कळायचा मार्ग मी माझ्याच हाताने बुजवला आहे. मी चिमटा खाली ठेवला. घरी गेले, पोळी केली, ती तशीच झाकून ठेवली.

आज सकाळी मेणवाला आला. त्याचं रोजचं ठरलेलं असतं, "बाई, उरलेसुरले केस टाकू नका, आमच्या टकलाकडे पण बघा कधीतरी." आज ते राहिलं. चहाचा पेला हातात धरून त्या चेहऱ्यासमोर उभा राहिला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "बाई, हा कुणासारखा तरी दिसतोय हो. मला ओळखीचा का वाटतोय?" माझ्या टेबलावर तुझा तो शाळेचा फोटो असतो, उभ्या झुपक्याचा. अकरा वर्षं तो मेणवाल्याच्या डोळ्यांसमोर आहे. तो वळायच्या आत मी फोटो पालथा घातला आणि त्यावर रजिस्टर ठेवलं. मग डॉक्टरीणबाई डोकावल्या, "वा, अगदी झोपल्यासारखा वाटतो हो," म्हणाल्या आणि गेल्या. मी हसले. तोंड हसतं ते कसं, मला नवल वाटतं.

त्यानंतर मी मावशीला फोन केला. पत्ता सांगून झाल्यावर ठेवता ठेवता ती म्हणाली, "अगं, तो तर तुझ्याकडेच येणार होता. मागच्या पत्रात लिहिलंय, रविवारी निघतो, आईला सांगू नकोस, एकदम दारात जाऊन उभा राहतो. आला नाही का अजून?" मी म्हटलं, येईल. फोन ठेवला आणि नळ मोठा सोडून मोरीपाशी उभी राहिले, म्हणजे बाहेर कुणाला काही ऐकू जायला नको. रविवारी निघालेला माणूस सोमवारी पोचतो, रे. त्याच रस्त्याने.

तू म्हणशील, एवढं काय, बघून टाक. बघता येतं. तुझ्या डाव्या दंडावर भाजल्याचा डाग आहे, पिंपळपानाएवढा. मी घरी स्टोव्हवर मेण वितळवत होते आणि पाच वर्षांचा तू "मी ढवळतो, मी ढवळतो" करत पातेल्याला लटकलास. तो डाग जाणाऱ्यातला नाही. अंगावरच्या खुणांचा कागद डॉक्टरीणबाईंच्या खणात आहे, खणाला कुलूप नाही. कागदही कशाला, तो माणूस इथून दहा पावलांवर आहे, काचेच्या दरवाजापलीकडे. मी नेहमी फक्त डोक्याशी काम करते, बाकी सगळं चादरीखाली असतं. दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसले, चादरीचं टोक माझ्या मनगटाला लागत होतं, आणि मी ते वर उचललं नाही. आधी सुचलं नाही म्हणून. कालपासून सुचलंय म्हणून.

डाग नसला तर काय होईल तेही मला माहीत आहे, आणि त्याचीही मला भीती वाटते. मला आनंद होईल. कुणाचा तरी मुलगा समोर पडलेला असताना मी आनंदाने रडेन. मग डोळे पुसून चिमट्याने तुझा भोवरा त्याच्या कपाळावरून काढीन आणि तिथे साधे, उजवीकडे वळलेले केस रोवीन, म्हणजे जी बाई त्याची वाट बघत असेल तिला तो सापडेल. तेवढ्या कामाला दोन तास लागतात. म्हणजे दोनच्या आत मला उठायलाच हवं. मी आणखी अर्धा तास घाबरत बसले, तर तिचा मुलगा तुझे केस घालून भिंतीभिंतीवर लागेल आणि ती समोरून निघून जाईल.

म्हणून हे पत्र. चादर उचलल्यावर तुला पत्र लिहिता येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. आत्ता येतंय, म्हणून लिहून घेतलं. आता पाकिटावर तुझा पत्ता घालीन, तिकीट चिकटवीन आणि आत जाईन. डाग असला, तर हे पाकीट पोस्टात जाणार नाही, तुझ्या उशाशी ठेवीन आणि झुपका आहे तसाच राहू देईन. पण तू हे वाचत असशील, तर मी चादर उचलली आणि दंड कोरा होता, आणि तू कुठेतरी खिडकीशी उभा राहून आईचं एवढं लांबलचक पत्र का आलं म्हणून वैतागतो आहेस. मग माझं एवढंच ऐक. रविवारी का निघाला नाहीस ते सांगू नकोस. माफी मागू नकोस, मीच मागते. नुसतं एक कोरं कार्ड टाक. मजकूर नको, तुझ्या हाताने लिहिलेला माझा पत्ता पुरे. जिन्यावर मेणवाल्याच्या चपला वाजताहेत. त्याच्या आधी मला आत पोचायचंय.

होती तशीच तुझी,
आई