उलट प्रश्नाचं शास्त्र

प्रिय अक्का,

एक कोडं घालतो. उत्तर तुला माहीत आहे. पण दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय मला स्वतःला काही समजत नाही, असं तूच म्हणायचीस ना? मग ऐक.

पनवेलचा बाजार आठव. सुक्या बोंबलांची पाटी पुढे घेऊन बसलेली आगरीण, डोंगरावरून मध आणि मोळी घेऊन उतरलेला कातकरी, गुळाच्या ढेपांमागचे गुजराती शेठ, तांदळाचा दाणा दाताखाली धरून पाहणारे मोहल्ल्यातले चाचा, आणि पिशवी सावरत भाव पाडणारी आपली आई. प्रत्येकाची बोली निराळी, चूल निराळी, सण निराळे. एकमेकांशी कसं बोलावं हे यांना कोणत्याही शाळेत शिकवलेलं नाही. तरी दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या होतात, भांडणं होऊन मिटतात, कुणाच्या मुलीला दिवस गेले याचीसुद्धा चौकशी होते. आता हीच माणसं उचलून शाळेच्या सभागृहात बसव आणि समोर एक पदवीधर साहेब उभा कर. सगळी मुकी! पनवेलात ज्याने एक तरी सरकारी सभा सोसली आहे, त्याने हे पाहिलेलं आहे. असं का व्हावं?

साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं: लोक अज्ञानी आहेत. माझं उत्तर मला या आठवड्यात सापडलं, आणि तुला लिहिण्याची घाई अशासाठी, की उद्या सकाळी मला एका माणसाला होकार किंवा नकार द्यायचा आहे. माणूस कोण? डॉक्टरसाहेब!

हो, तेच. मुंबईच्या ज्या संस्थेत तू समाजसेवेची पदविका घेतलीस, तिचे प्रमुख. परदेशी राहून डॉक्टर झालेले, आणि परत आल्यापासून स्वतःच्या देशाकडे बोटीच्या कठड्यावरून पाहावं तसे पाहणारे. तू अध्यापिकेच्या जागेसाठी अर्ज केलास तेव्हा यांनीच तुला विचारलं होतं ना, ‘खेड्यातल्या बायकांशी बोलायला विद्वत्ता कशाला लागते?’ आणि मग त्याच बायकांशी बोलायला तुला पनवेलात हंगामी म्हणून नेमलं. तू हंगामीच गेलीस, अक्का. विषमज्वरालासुद्धा तुला कायम करण्याची वाट पाहावीशी वाटली नाही.

तुझ्या शोकसभेला ते आले होते. ‘आमची एक निष्ठावान सहायिका’ असं म्हणाले. अख्ख्या भाषणात तुझं नाव एकदाही घेतलं नाही. दुःखाने कंठ दाटला म्हणून नव्हे. माझी खात्री आहे, त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं, या संस्थेची पायरी आपण आयुष्यात चढायची नाही. तुला राग कसा येत नसे, हे मला आजही उमगलेलं नाही. इतकं सोसण्यासारखं त्या लोकांत होतं तरी काय?

तर हे गृहस्थ परवा आमच्या शाळेत व्याख्यानाला आले. तुझ्या कामाला आता नाव मिळालं आहे. आंतरसांस्कृतिक संवाद! भिन्न रीतिरिवाजांच्या माणसांमध्ये बोलणं कसं घडतं आणि कुठे अडतं, याचं शास्त्र. खोटं कशाला बोलू? पहिली काही मिनिटं मी खुर्चीच्या टोकाला आलो होतो. त्यांनी फळ्यावर मांडणी केली ती सुरेख होती. आधी प्रमाणपत्र, मग पदविका, मग विद्यापीठात समाजशास्त्राची किंवा मानवशास्त्राची पदवी, आणि पुढे संशोधन. नोकऱ्या तर किती तऱ्हेच्या! विकास गटात समाजशिक्षणाच्या जागा आहेत. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम निघत आहेत, त्यांना दोन्हीकडची रीत जाणणारी माणसं हवीत. रुग्णालयात आदिवासी बाई डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, तिथे हवीत. बंदरात परदेशी खलाशी उतरतात, वकिलातींत आपले लोक जातात, तिथेही हवीत. मी भूगोल शिकवणारा माणूस. मला वाटलं, हा तर माणसामाणसांमधल्या खिंडींचा आणि घाटांचा नकाशा आहे!

मग हिरा उठली. आमची हिरा, तुझी लाडकी. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची मुलगी, जिला तू मॅट्रिकपर्यंत ढकलत आणलीस आणि जिच्याविषयी अंथरुणावरून मला बजावलंस, ‘मधू, हिराला या विषयात पाठव.’ तिने विचारलं, “सर, यात आम्ही शिकायचं, का आमच्यावर शिकायचं?”

“उत्तम प्रश्न,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “शेवटी घेऊ.”

व्याख्यान संपलं, आभार झाले, हार झाला, चहा झाला. त्यांचा शेवट काही आला नाही.

आता मुख्य प्रसंग सांगतो. संस्था पनवेलात प्रमाणपत्राचा वर्ग काढते आहे, आणि एका स्थानिक विद्यार्थ्याला पुढे मुंबईत विद्यावेतन देणार आहे. त्यासाठी प्रत्यक्ष परीक्षा झाली, आणि ती व्हावी कुठे, तर हिराच्याच गावात, बारकीबायच्या ओसरीवर! शाळेचा प्रतिनिधी म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. ठरवलेलं असं मोडतं.

बारकीबाय म्हणजे तुझी धवलारीण. आगऱ्यांच्या मांडवात लग्न लागतं ते तिच्या धवल्यांनी, त्या लग्नगीतांनी. ती गाते तेव्हा ती गायिका नसते, पुरोहित असते. हे तू मला समजावून सांगितलं होतंस. डॉक्टरसाहेबांना कोणी सांगणार? त्यांना सगळं आधीच माहीत असतं! त्यांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं, भिंगरी फिरू लागली, आणि म्हणाले, “बाई, एक लोकगीत होऊ द्या.”

बारकीबायने मांडी बदलली. “कोनाचं लगीन हाय?”

“कोणाचंच नाही. आपण केवळ गायचं.”

“नवरा नाय, नवरी नाय, मांडव नाय. मंग लावू कोनाला?” तिने त्यांना पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. “तुमचं झालंय का लगीन?”

ओसरीवरच्या बायका फिसकल्या. एक म्हणाली, “नसंल झालं तर यांनाच उभं करू गं! हिरा, पाट आन!”

अक्का, हीच ती घटका होती. इथेच दार उघडलं होतं. या माणसाने हसून एवढंच सांगायचं होतं, की झालंय बाई, दोन मुलंही आहेत, आणि आमच्या लग्नात भटजीला पडसं झालं होतं. पण डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे.”

बारकीबायने त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि सुपातले तांदूळ निवडायला घेतले. यंत्राची भिंगरी फिरत राहिली. तिच्यावर खड्यांचा आवाज उतरला असेल. साहेबांनी जमलेल्या उमेदवारांना टिपून घ्यायला सांगितलं: माहितीदार असहकारी, समाज अबोल. अबोल! ज्या ओसरीवर नुकतं त्यांचं लग्न ठरत होतं, ती ओसरी अबोल!

तूही तिथे पहिल्या दिवशी हेच केलं होतंस, आठवतं? ‘एक गाणं म्हणा ना’ असं तूही म्हणालीस, आणि ‘एवढी घोडी झालीस, लगीन का नाय केलंस?’ असा उलट प्रश्न खाऊन आलीस. घरी येऊन आधी चिडलीस, मग हसलीस. पण तिथे तू उत्तर दिलं होतंस. काय दिलंस ते मला कधी सांगितलं नाहीस. बारकीबायला मात्र सांगितलंस. म्हणूनच पुढच्या लग्नसराईत तिने तुला मांडवात आपल्या शेजारी बसवलं.

परीक्षेच्या दिवशी पुढे उमेदवार म्हणून हिराची पाळी आली. तिने प्रश्नावली हातात घेण्याआधीच बारकीबाय म्हणाली, “काय गं, शिकून सायबीन झालीस का परत आमची र्‍हाशील?”

हिरा तिच्या सुपापाशी जाऊन बसली. मग म्हणाली, “मला नाय ठाव, काकी. त्याचंच भ्या वाटतं.”

बारकीबायने सूप बाजूला ठेवलं. त्यानंतर ती जे बोलली — आपण धवलारीण कशा झालो, सासूने धवले कसे शिकवले, नवरा गेल्यावर मांडवात जायचं की नाही यावर गावात काय वाद झाला — ते टिपून घेण्याचं कोणाला सुचलं नाही. साहेबांनी यंत्र आधीच बंद केलं होतं.

हिराला त्यांनी सर्वांत कमी गुण दिले. कारण सांगू? ‘उमेदवार स्वतः प्रश्नांची उत्तरे देते, तटस्थता नाही. शिवाय ती त्यांच्यातलीच आहे.’ मी विचारलं, “साहेब, तटस्थ म्हणजे ज्याला कोणी काही विचारू शकत नाही, तो का?” ते म्हणाले, “आपण शालेय शिक्षक आहात, आपल्याला पद्धतिशास्त्राची कल्पना नसणार.” काय तो आविर्भाव! मुंबईच्या विद्वत्तेची सगळी इस्त्री त्या एका वाक्यात होती, आणि इस्त्रीखाली कपडा नव्हता.

परत येताना एस.टी. स्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं. स्थानिक निदेशक कोणी मिळत नाही म्हणे. पनवेलात राहायला मुंबईचा एकही पदवीधर तयार नाही. संवादाचं शास्त्र खाडी ओलांडायला कचरतं! “आपण वर्ग घेण्याचं मान्य केलंत,” ते म्हणाले, “तर त्या स्थानिक मुलीचा फेरविचार करता येईल.” म्हणजे हिराची जागा माझ्या होकाराला बांधली. तिच्या बापाने स्वच्छ सांगितलं आहे: जागा मिळाली तर मुंबई, नाहीतर शिमग्यानंतर लगीन.

मी नकार मनात लिहून काढला होता, अक्का. चांगला घोटीव नकार. ज्यांनी तुझं नाव लक्षात ठेवलं नाही, त्यांच्या फळ्यावर मी खडू धरू? आणि त्यांच्या हाती हिरा सोपवू, तिचीही सहायिका करून टाकायला?

तो नकार निदान तिच्या घरी स्वतः जाऊन सांगावा, म्हणून आज गेलो. बाप मिठागरावर होता. आईने पाणी दिलं, भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मास्तर, अक्का शेवटी काय बोलली?”

वर्ष झालं. आळीतल्या सगळ्यांनी मला धीर दिला, आत्म्याच्या अमरत्वाविषयी सांगितलं, डॉक्टरसाहेबांनी तर छापील ठराव पाठवला. सगळे मला सांगून गेले. विचारलं कोणीच नव्हतं. त्या चुलीपाशी पहिल्यांदा विचारलं गेलं, आणि मी सांगितलं. तू पाणी मागितलंस ते, आईला हाक मारलीस ते, आणि हिराविषयी बोललीस ते. मी रडलो, अक्का. तिने तवा उतरवला आणि ऐकत बसली. शेवटी म्हणाली, “मंग पोरीचं काय ठरवलंत?”

नकार सांगायला गेलेल्या माणसाला तो आठवेना.

कोडं सुटलं ते असं. बाजारात प्रश्न दोन्हीकडून जातात. तू बोंबलाचा भाव विचारतेस, ती तुझ्या आईचं दुखणं विचारते. मालाबरोबर माणूसही पारखून होतो. सभेत प्रश्न एकाच बाजूने येतो, आणि ज्याला उलट काही विचारता येत नाही, त्याच्याशी शहाणा माणूस बोलत नाही. मुकेपण हे लोकांचं अज्ञान नव्हे, तो त्यांनी साहेबाला दिलेला शेरा आहे. एवढं साधं प्रमेय! यावर विद्यापीठं उभी राहतील, आणि राहावीत. फक्त त्यांत डॉक्टरसाहेबांसारखे बसले आहेत, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. होणारही नाही.

पण मी असाच तडतडत असताना तू एकदा म्हणाली होतीस, ‘मधू, माणसं भिकार आहेत म्हणून विषय भिकार होत नाही.’ तेव्हा मला ते दुबळेपणाचं वाटलं होतं. आज वाटत नाही.

म्हणून उद्या होकार देतो. लेखी, आणि अट घालून: हिराची जागा आधी, माझा खडू नंतर. त्यांच्याविषयीची तुच्छता मी कोटासारखी खुंटीला टांगून वर्गात जाईन. घरी येताना पुन्हा घालेन. हिराला मुंबईत कोणी सहायिका म्हणू लागलं, तर तिने काय उत्तर द्यायचं तेही शिकवून पाठवीन. आणि पहिल्या दिवशी फळ्यावर विषयाच्या नावाआधी तुझं नाव लिहीन, पूर्ण. हे वचन आहे.

पहिला पाठ तयार आहे. पुस्तक नाही, यंत्र नाही. प्रत्येकाने आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीच्या एका घरी जायचं, चहा संपेपर्यंत बसायचं आणि परत यायचं. तिथे काय पाहिलंस, हे मी विचारणार नाही. एवढंच विचारीन: त्यांनी तुला काय विचारलं, आणि तू काय सांगितलंस?

तुझा,
मधू