कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, त्याबद्दल

३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. स्वतः. व्हिडिओसुद्धा अर्धाच पाहिला, पुढचं कळलंच होतं. कार्ड विटेएवढं आहे आणि आतून निळं चमकतं.

दुकानदार म्हणत होता, कार्ड एवढं मोठं घेताय तर पॉवर सप्लायही बदला, जुना पुरायचा नाही. मी नुसता हसलो. पॉवर सप्लाय म्हणजे कॅबिनेटमधला पत्र्याचा डबा, त्यातून सगळ्या भागांना वीज जाते. आमचा डबा जुन्या कॉम्प्युटरपासून मुकाट्याने काम करतोय. उगाच त्याला कशाला डिवचा? विकायला बसलेला माणूस काहीही सांगतो.

हिला सांगितलं की कार्ड मुख्यतः तुझ्यासाठीच घेतलंय. ते खरंही आहे. नोकरी सोडल्यानंतरचं हिचं हे पहिलं स्वतःचं काम: मुलांच्या वाचनालयाचं डिझाइन. चोवीस तारखेला समितीसमोर त्याची फिल्म दाखवायची आहे, आतून फिरून आल्यासारखी; पसंत पडली तर काम हिला मिळणार. आमच्या ऑनलाइन गेमच्या टीमची सेमीफायनल अठ्ठावीसला. म्हणजे कॉम्प्युटर आधी तिचा, मग माझा. ही बराच वेळ निळ्या दिव्यांकडे बघत राहिली. आवडले असावेत.

५ फेब्रुवारी

सराव. गेममधल्या पुलावर मी एकटा, समोर चौघे. मी जिंकतच होतो. तेवढ्यात स्क्रीन काळी. कॉम्प्युटर बंद. एरर नाही, काही नाही, दिवा गेल्यासारखा खटकन.

टीमला फोन करून सांगितलं. आमचा कॅप्टन डेंटिस्ट आहे, सगळे त्याला दातवाले म्हणतात. तो म्हणाला, होतं असं कधीकधी. पण पूल गेला. माझ्यामुळे नाही, हे त्यांना दोनदा समजावलं.

७ फेब्रुवारी

पुन्हा बंद. पुन्हा पुलावरच. सिस्टीमची नोंद उघडून पाहिली. प्रत्येक वेळी लाल अक्षरांत एकच ओळ, त्यात ‘पॉवर’ असा शब्द. कॉम्प्युटरवाले हा शब्द कशालाही लावतात. सॉफ्टवेअरचाच घोळ आहे, माझी खात्री आहे. सगळं अपडेट केलं.

८ फेब्रुवारी

अपडेटनंतर सकाळभर उत्तम चालला. ईमेल, बातम्या, एक जुना सिनेमा. प्रश्न सुटला.

दुपारी हिने कॉम्प्युटरवर फिल्म बनवायला लावली आणि साइटवर गेली. परत आली तर कॉम्प्युटर बंद, फिल्म पहिल्याच खोलीत अडकलेली. हिने विचारलं, तू काही केलंस का. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. अशा प्रश्नांनी माणूस दुखावतो.

११ फेब्रुवारी

उष्णता! इतकं साधं कसं सुचलं नाही? कॅबिनेटची एक बाजू काढून टेबलफॅनचा वारा आत सोडला. तापमान बासष्ट, म्हणजे अगदी ठीक. बासष्टलाच बंद पडला. याचा अर्थ तापमान दाखवणारा सेन्सर खोटं बोलतोय.

हिचे कागद फॅनने खोलीभर उडाले. तिने ते गोळा केले. मी मदत करणार होतो, पण फॅन धरून उभा होतो.

१३ फेब्रुवारी

आज डोकं भलतंच चाललं. कॉम्प्युटर बंद पडला त्याच क्षणी बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. लिफ्टच आमची वीज ओढते! सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, लिफ्टचं कनेक्शन वेगळं आहे. मी आवाज थोडा वाढवला. शेवटी उद्या अर्धा तास लिफ्ट बंद ठेवायला तयार झाले.

१४ फेब्रुवारी

लिफ्ट बंद केली. सहाव्या मजल्यावरचे आजोबा डायलिसिस करून परत आले आणि खाली अडकले. त्यांच्या सुनेने खालून मला हाक मारून जे सुनावलं ते सगळ्या इमारतीने ऐकलं. सेक्रेटरींनी धावत जाऊन लिफ्ट सुरू केली. पण त्याआधीच, लिफ्ट बंद असताना, माझा कॉम्प्युटर बंद पडला होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी आजोबांकडे जाऊन आलो. ते हसले. सुनेने पाणीही विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

निर्वाणीचा उपाय: डिस्क पुसून सगळं नव्याने टाकणार. हिने दोनदा बजावलं, आधी माझ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घे. मी काय लहान आहे? कॉपी लावली. फार वेळ दाखवत होतं, म्हणून तोवर एक छोटा सामना खेळायला घेतला. वेळ वाया घालवणं मला जमत नाही.

मध्येच बंद पडला. चालू करून पाहिलं, बाहेरच्या डिस्कवर ‘वाचनालय’ फोल्डर आलेलं होतं. डिस्क पुसली.

सगळं कसं नव्यासारखं झालं! स्क्रीनवर समुद्राचा फोटो ठेवला.

१७ फेब्रुवारी

फोल्डरमध्ये फोल्डर होते. त्यांच्या आत काही नव्हतं. पायऱ्या, मुलांचा कोपरा, खिडक्यांचे नकाशे, काहीच नाही. एक फाइल उघडली, तीही अर्ध्या भिंतीपाशी संपली.

ही ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही दोन शब्द बोलता आले असते. तिने विचारलं, कॉपी पूर्ण झाल्याचं तू पाहिलं होतंस का. मी म्हणालो, जवळजवळ. तिने कागदावरची स्केचेस गुंडाळली, जुना लॅपटॉप घेतला आणि मैत्रिणीच्या ऑफिसात गेली. चोवीसच्या आत सगळं पुन्हा काढणार आहे.

आईचा फोन आला. तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, बंद करून परत चालू करून बघितलंस का. तो स्वतःच तेवढं करतो, असं मी म्हणालो.

२० फेब्रुवारी

ही सकाळी जाते, जेवायच्या वेळेला येते, जेवता जेवता झोपते. स्वयंपाक मी करतोय. मीठ दोनदा पडलं, तरी तिने खाल्लं.

कार्ड काढून दुकानात नेलं, बदलून द्या म्हणालो. दुकानदाराने त्याच्या कॉम्प्युटरला लावलं आणि दुपारभर चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. त्याच्याकडची वीज चांगल्या प्रतीची असणार. तो पुन्हा पॉवर सप्लायचं बोलू लागला, तेव्हा मी घड्याळात पाहिलं.

२२ फेब्रुवारी

जेवताना हिने सहज विचारलं, आपला डबा किती वॉटचा आहे. साडेचारशे. आणि कार्ड किती खातं? प्रोसेसर किती? मी म्हणालो, वॉट हे बल्बला बघतात. ती म्हणाली, प्रत्येक खोलीचा लोड मी रोज काढते, त्यात बल्बही असतात. तिने पेपरच्या कडेला बेरीज केली. ताणाच्या वेळी बेरीज डब्याच्या बाहेर जात होती.

मी म्हणालो, मग सिनेमा बघताना कसा चालतो? ती म्हणाली, रिकाम्या खोलीत फ्यूज कशाला उडेल? माणसं आली, सगळी बटणं दाबली, की उडतो.

तिला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. तरी ती झोपल्यावर गेममधली सगळी चित्रं अगदी साधी करून खेळलो. तासभर चालला. पुन्हा भारी केली, लगेच बंद.

म्हणजे दोष चित्रांचा आहे.

(नंतर.) दोष चित्रांचा नसावा.

२४ फेब्रुवारी

ऑफिसात कामात लक्ष नव्हतं. सारखा फोन बघत होतो. दुपारी हिचा मेसेज आला, मिळालं. एवढंच. मी लांबलचक अभिनंदन लिहिलं, त्यात तांत्रिक अडचणींवर मात वगैरे होतं. मग पुसून नुसतं ‘छान’ पाठवलं.

रात्री ती खूप बोलली. समितीतल्या एक बाई मुलांच्या कोपऱ्यापाशी फिल्म थांबवून पुन्हा बघत होत्या. पहिल्या वेळी काढलेला कोपरा तिला तितकासा आवडला नव्हता, दुसऱ्यांदा चांगला जमला. म्हणजे एका अर्थी डिस्क पुसल्याचा फायदाच झाला. हे मी बोललो नाही. अलीकडे मी बरंच बोलत नाही.

मग म्हणाली, मैत्रिणीच्या ऑफिसात एक टेबल कायमचं घेतेय. तिथे काम चांगलं होतं. मी म्हणालो, इथे मी सगळं नीट करून देतो. ती म्हणाली, कर ना, तुला खेळायला होईल.

२५ फेब्रुवारी

सखोल अभ्यासाअंती माझा निष्कर्ष: पॉवर सप्लाय कमी पडत होता. साडेआठशेचा आणला. दुकानदाराने नुसता खोका पुढे सरकवला. मीच त्याला कारण समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली.

जुना डबा काढला, नवा बसवला. सगळ्यात भारी चित्रं लावून संध्याकाळभर चालवला. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. दातवाल्याला कळवलं: आता खरा मी दिसेन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सेमीफायनल.

पहिल्या फेरीत सगळ्यात आधी मी बाद. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या फेरीत पुलावर मी एकटा, समोर दोघेच. मी वाट पाहत राहिलो. आता बंद पडेल, आता बंद पडेल. स्क्रीन लख्ख होती. त्यांच्या टोपीवरचा शिक्कासुद्धा वाचता येत होता. माझा नेम तीनदा पाण्यात गेला.

सामना गेला. मग दातवाल्याने फार हळू आवाजात विचारलं, कॉम्प्युटरने त्रास दिला का. दाढ काढण्याआधी बोलत असेल तसा. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, मग नेट अडकत होतं का. मी म्हणालो, नाही, सगळं व्यवस्थित होतं.

पुढच्या वेळी मी राखीव खेळाडू असेन. तसा तोही महत्त्वाचाच असतो.

ही तिची खुर्ची आणि दिवा नव्या टेबलापाशी न्यायला आली होती. जाता जाता विचारलं, कॉम्प्युटर कसा चालला. म्हणालो, एकदम छान. ती म्हणाली, बरं झालं. मॅचचं काय झालं ते तिने विचारलं नाही. मी खुर्ची खालपर्यंत पोचवून आलो.