सोमवारचं मीठ

लडाख, ९ जून २०२५

तीर्थरूप सहादेवमामांना कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. डोंगरात मोबाईलला रेंज न्हाई, म्हणून आठवड्याच्या गाडीबरोबर ही चिठ्ठी देतोय. आठवी नापासाचं अक्षर आहे, तुम्हाला लागलं न्हाई तर मामीकडून वाचून घ्या.

नागापूरची कंपनी सोडली, टेम्पो सोडला, सुरतचं हॉटेल सोडलं. इथं मात्र सात महिने टिकलोय. आमच्या डॉक्टर मोनिका मॅडम जनावरांच्या रोगांवर संशोधन करतात. गावच्या शेळ्यामेंढ्यांचा रोग रानमेंढ्यांना कसा होतो, ते शोधायचं. मी शेळी धरतो, त्या रक्त काढतात, मग बाटल्यांची बर्फाची पेटी माझ्या पाठीवर. शेळी तुझ्या हाताखाली एवढी गप कशी राहते, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मामानं शिकवलं, आधी कानामागं खाजवायचं.

काल रानमेंढे पाण्यावर आले आणि आपला माळ आठवला. सोमवारी तुम्ही चपट्या दगडावर खडेमीठ ठेवायचा. शेळ्यांचं चाटून झालं की उरलेलं तसंच सोडायचं, आजोबांपासूनचा नेम, पाहुण्यांचा वाटा. दुसऱ्या दिवशी उजाडताना बाभळीआड तुम्ही मला खांद्यावर घ्यायचा आणि काळवीट यायचे. मी शाळा सोडली त्या वर्षी आलेला एकशिंग्या अजून येतो का?

एक विचारायचं राहून गेलं. गाव सोडताना मला एसटीत बसवलंत आणि लगेच पाठ फिरवलीत, हातसुद्धा हलवला न्हाई. ते अजून डाचतं. असो. मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
कानिफ

*

ता. कर्जत, २५ जून २०२५

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं तीनदा वाचलं, मग मला दिलं. सात महिने टिकलास म्हणजे मॅडमनी तुलापण दावं लावलेलं दिसतंय.

एकशिंग्या येतो. आता काळाकुट्ट झालाय, कळपाच्या पुढं उभा राहतो. तू असायचास तिथं बाभळीआड आता मी एकटाच असतो.

बाजारातून दोन शेळ्या आणल्यात. त्यांचं नाक वाहतंय, तोंड आलंय, ढाळ लागलेत. मामी तोंडाला हळद-तूप लावते. आता घरच्या चारपाच पण खोकायला लागल्यात. वाऱ्यानं झालं असंल. तोंडाला चव यावी म्हणून सोमवारी मीठ जरा जास्तच ठेवतो.

खातपीत जा. आमची आठवण झाली की चार ओळी लिहीत जा, एवढंच मागणं.

सहादेव

*

लेह, ११ जुलै २०२५

ती. मामांना शि. सा. न.

पत्र मिळालं तसा गाडीत बसून लेहला आलो, फोनसाठी. शेळ्यांचं सांगेपर्यंत तुम्ही ऐकलंत. मीठ बंद करा म्हणालो आणि तुम्ही फोन ठेवलात. परत लावला तर उचलला न्हाई. म्हणून इथंच बसून लिहितोय.

निघायच्या आधी मॅडमना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय नक्की सांगता येत न्हाई, पण ही शेळ्यांची साथ दिसते. आजारी शेळीची लाळ मिठाला लागते, उजाडताना तेच मीठ काळवीट चाटतात. शेळीला लस तरी आहे, मामा. काळविटाला कोण टोचणार? मी इथं मेलेली रानमेंढी पाहिलीय, शेजारी तिचं पिल्लू उभं होतं.

आजोबा चुकले असं मी म्हणत न्हाई. ते मीठ मायेनंच ठेवलेलं. मलाही तोच दगड आठवतो, दुसरं गावाकडचं मी काय बरोबर आणलंय? पण एवढं ऐका. सरकारी डॉक्टरला बोलवा.

रागावलात तरी चालेल, पण तोडू नका.

कानिफ

*

ता. कर्जत, २ ऑगस्ट २०२५

चि. कानिफ यास आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. फोन मी रागानंच ठेवला, खोटं कशाला सांगू. कालपरवा शेळ्या धरायला शिकलेलं पोर मला शिकवतंय, असं वाटलं. मग त्याच सांजेला उठलो, कुऱ्हाड घेतली आणि बाभळीच्या फांद्या तोडून त्या दगडावर रचल्या. सोमवार लांब नव्हता.

तुझं पत्र यायच्या आधीच सरकारी डॉक्टर येऊन गेले. नमुने नेले, निरोगी शेळ्यांना लस टोचली. साथ तीच निघाली. पाच शेळ्या गेल्या, त्यात तुझी चांदी पण. खोल पुरल्या, वर चुना टाकला. बाकीच्या आता वैरण खातायत. मीठ गोठ्यातच टांगतो. माळावर रोज चक्कर मारतो. अजून एकही काळवीट खोकताना दिसला न्हाई. मॅडमना सांग.

नेमानं मंगळवारी उजाडताना ते आले. काट्यांभोवती फिरले. एकशिंग्या काट्यात नाक घालायला लागला. मी बाभळीआडून बाहेर आलो आणि ढेकूळ उचललं. एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी समोर बघितलं नव्हतं. ढेकूळ बाजूलाच टाकलं, तरी ते सगळे उधळले. मी लगेच पाठ फिरवली. ते जाताना बघवलं नसतं.

एसटीचं विचारलं होतंस. ते असंच होतं.

दिवाळीला ये. मामी वाट बघते, आणि तिच्या शेजारी बसून मीपण.

सहादेव